गाभोळी, बलक आणि रक्तातली चरबी

रक्तातल्या चरबीचा अभ्यास करते म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. खोबरेल तेल खाल्लेलं चालेल का, आणि अंड्यातला बलक टाकून द्यायचा का? प्रश्न रास्त आहेत, उत्तरं पुढे देतेच. पण मी मूळची प्राणिशास्त्राची. चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्त म्हणजे बहुतांशी पाणी. त्यामुळे चरबी एका अवयवाकडून दुसऱ्याकडे न्यायची तर तिला प्रथिनाचं वेष्टण चढवावं लागतं. अशा कणाला लिपोप्रोटीन म्हणतात. कोळंबी, टोळ, कासव, कोंबडी, माणूस, सगळ्यांच्या अंगात हे कण आहेत आणि त्यांतली बरीचशी मोठी प्रथिनं एकाच प्राचीन घराण्यातली आहेत. ते घराणं कसं वाढलं, कुठे खुंटलं आणि माणसात येऊन हृदयविकाराशी कसं जोडलं गेलं, हा माझा विषय.

गुहागर माझं माहेर. नोकरी शहरातल्या विद्यापीठात झाली, तरी या विषयात जे मनात पक्कं बसलं त्यातलं पुष्कळसं या किनाऱ्यावर उमगलं. विद्यार्थ्यांना सांगत आले तेच इथे क्रमानं मांडते.

१. सुरुवात रोगापासून नको, अंड्यापासून करा

वैद्यकाच्या पुस्तकात लिपोप्रोटीनची पहिली भेट हृदयविकाराच्या प्रकरणात होते. मग कोलेस्टेरॉल म्हणजे शत्रू हे एकदा मनात बसलं की हलता हलत नाही. मी पहिला तास गाभोळीवर घेते.

वेलदूरच्या बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायका माशाच्या पोटावरून नुसता अंगठा फिरवून सांगतात, आत गाभोळी आहे की नाही. ती बाहेर काढून हातावर घ्यावी. वर पातळ पारदर्शक पडदा, पडद्यावर तांबड्या रक्तवाहिन्यांची जाळी, आत हजारो बारीक पिवळसर दाणे. दाणा फुटला की बोटाला तेलकट चिकटपणा लागतो. तो बलक. आणि पडद्यावरची ती तांबडी जाळी उगीच नाही, कारण बलकाचा कच्चा माल अंडाशयात तयारच होत नाही. तो मादीच्या यकृतात बनतो, व्हायटेलोजेनिन नावाच्या लिपोप्रोटीनच्या रूपानं रक्तातून प्रवास करतो आणि वाढणारी अंडपेशी त्याला आत ओढून घेते.

आता माणसाकडे वळू. ज्या एलडीएलला आपण 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो, त्याच्या प्रत्येक कणाभोवती अपोबी हे प्रथिन गुंडाळलेलं असतं. ४,५३६ अमिनो आम्लांची एकच अखंड साखळी, आणि एका कणाला एकच. हे अपोबी आणि गाभोळीतलं व्हायटेलोजेनिन एकाच पूर्वजापासून निघालेले भाऊबंद आहेत. माणूस अंडी घालत नाही, त्यामुळे त्याच्याकडचं व्हायटेलोजेनिन गेलं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं की कोंबडीत या प्रथिनाची तीन जनुकं आहेत, अंडी घालणाऱ्या आणि दूधही पाजणाऱ्या प्लॅटिपसमध्ये त्यांपैकी एक अजून चालू आहे आणि बाकीच्या सस्तन प्राण्यांत तिन्ही निकामी झाली आहेत. पिल्लाला दूध मिळू लागलं, पुढे वार आली, तशी बलकाची गरज सरत गेली. आपल्या जनुकसंचात त्या जनुकांचे मोडके अवशेष आजही सापडतात.

अपोबी मात्र टिकलं, कारण त्याचं काम संपलं नाही. अपोबी मुळीच बनवू न शकणारे उंदीर प्रयोगशाळेत घडवले, तेव्हा ते गर्भातच मेले. आईच्या पोटातल्या जिवाला चरबी पोचवण्याचं काम अजून तेच करतं. एलडीएलला सरसकट शिव्या घालणाऱ्यांना मी ही एवढी एक गोष्ट आवर्जून सांगते.

२. आकडा कुणाचा, ते आधी विचारा

अंड्यावर आलेल्या कोंबडीचं थोडं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून नळी उजेडात धरा. खाली तांबड्या पेशी बसतात आणि वरचा द्रव गढूळ, पिवळट, दुधाळ दिसतो. नळीच्या पलीकडे धरलेला छापील कागद वाचता येत नाही. अजून अंड्यावर न आलेल्या तलंगीच्या रक्ताची नळी शेजारी ठेवली तर तिच्यातून अक्षरं स्वच्छ वाचता येतात. हा फरक मी दर वर्षी नव्या मुलांना दाखवते आणि दर वर्षी वर्ग शांत होतो.

अंड्यावर आलेल्या कोंबडीचं ट्रायग्लिसराइड हजार-दोन हजारांच्या घरात असू शकतं. माणसाच्या रिपोर्टवर हा आकडा आला तर डॉक्टर स्वादुपिंडाच्या काळजीनं लगेच बोलावून घेतील. कोंबडी ठणठणीत असते. इस्ट्रोजेननं तिच्या यकृताला कामाला लावलेलं असतं, आणि तिथून निघालेली चरबी अंडाशय तितक्याच झपाट्यानं उचलत असतं. एका बलकात पाचेक ग्रॅम चरबी आणि दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल जातं. जितकं येतं तितकं जातं, म्हणून साठत नाही.

जायची वाट बंद झाली तर? ते निसर्गानंच करून दाखवलं आहे. कोंबड्यांच्या एका वाणात अंडपेशीवरचा बलक ओढून घेणारा ग्राहक एका जनुकाच्या बिघाडामुळे काम करत नाही. व्हिएन्नातल्या योहानेस निम्फ आणि वोल्फगांग श्नायडर यांनी हा बिघाड उलगडला. या कोंबड्या अंडी घालू शकत नाहीत, रक्तातली चरबी आभाळाला भिडते आणि त्यांच्या धमन्या माणसासारख्या चोंदतात. तोच माल, तेच यकृत, फक्त उतरवून घेणारा नाही. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं ते माणसाच्या यकृतावरच्या अशाच ग्राहकाच्या शोधासाठी, आणि तो ग्राहक कोंबडीच्या ग्राहकाचा सख्खा नातलग आहे.

आणखी एक. कोंबड्याला, म्हणजे नराला, इस्ट्रोजेन टोचलं तर त्याचंही यकृत बलकाचं प्रथिन बनवू लागतं. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडलेल्या नद्यांमध्ये नर मासे पिंजऱ्यात ठेवले आणि त्यांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन सापडलं. पाण्यात इस्ट्रोजेनसारखं काही मिसळलंय याची वर्दी त्या नरांच्या यकृतानं दिली. तेव्हापासून जगभर ही चाचणी पाण्याच्या प्रदूषणासाठी वापरतात.

३. उंदरावर फसलं म्हणजे फसलं, असं नाही

माझ्या क्षेत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासून १९७३ साली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पहिला स्टॅटिन शोधला. उंदरांच्या जातीतल्या रॅटना तो खाऊ घातला, तर कोलेस्टेरॉल हललंच नाही. औषध तिथेच गुंडाळलं जाण्याची वेळ आली. मग १९७६ च्या सुमारास त्यांच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याच्या अंड्यावरच्या कोंबड्यांवर तेच औषध वापरून पाहिलं आणि कोलेस्टेरॉल निम्म्यापर्यंत उतरलं. पुढे कुत्रे, माकडं, माणसं. आज कोट्यवधी लोक स्टॅटिन घेतात, त्यांच्यातले किती जण वाचले याची गणती करणं कठीण.

कोंबडीवर का चाललं? तिचं यकृत बलकासाठी अपोबीचे कण भराभर बाहेर टाकतं. माणसाची मुख्य अडचणही अपोबीच्या कणांचीच. रॅट आणि उंदीर मात्र बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएल या दुसऱ्या प्रकारच्या कणावर वाहतात, म्हणून त्यांच्या धमन्यांना सहसा हा रोगच होत नाही. १९९२ साली एक जनुक मुद्दाम काढून टाकून उंदराला तो रोग करावा लागला, तेव्हा कुठे त्याच्यावर अभ्यास करता आला.

टोळ तर तिसऱ्याच वाटेनं जातो. लांब उडताना त्याच्या स्नायूंना चरबी पुरवणारा लिपोफोरिन हा कण धोपावे-दाभोळच्या फेरीबोटीसारखा आहे. माल उतरवतो, रिकामा परत येतो, पुन्हा भरतो. माणसाचा एलडीएल कण पेशीनं आत घेतला की बोटीसकट मोडीत निघतो. उट्रेख्टमध्ये यावर अनेक वर्षं फार सुंदर काम झालं. ते वाचताना मला नेहमी वाटतं, एकाच प्राण्यावर भिस्त ठेवणाऱ्या संशोधकाच्या हातून किती गोष्टी निसटत असतील.

४. कासविणीला हात न लावताही शिकता येतं

ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याचं रक्त घेणं दूरच, परवानगीशिवाय अंड्याला हात लावणंही गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. हंगामात मी कासवमित्रांच्या मागे मागे, अंतर राखून चालते.

राज्यात सर्वाधिक घरटी सापडणाऱ्या किनाऱ्यांत आता गुहागरचं नाव घेतलं जातं. थंडी सुरू झाली की रात्री मादी वाळूवर चढते, मागच्या पायांनी खड्डा घेते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि माघारी फिरते. कासवमित्र पहाटे तिच्या पावलांचा माग काढतात आणि कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरू नयेत म्हणून अंडी जाळीच्या कुंपणातल्या खड्ड्यांत तशाच खोलीवर पुरतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं वर येतात. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त.

माझं लक्ष असतं ते त्या बलकाच्या आधीच्या प्रवासाकडे. किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी महिने आधी, चरण्याच्या दूरच्या समुद्रात तिच्या यकृतानं हे काम सुरू केलेलं असतं. त्या काळात कासविणीच्या रक्तात ट्रायग्लिसराइड आणि कॅल्शियम दोन्ही वाढतात, कारण व्हायटेलोजेनिन चरबीबरोबर कॅल्शियमही वाहून नेतं. विणीच्या काळात ती फारसं खात नाही, साठ्यावर निभावते. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठाननं गुहागरच्या किनाऱ्यावर दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. त्यांची नावं गुहा आणि बागेश्री. बागेश्री केरळ, श्रीलंका असा वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. त्याच्या उलटही घडलं. २०२१ साली ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना सापडली. आपल्या वाळूत पुरलेल्या बलकातली चरबी कुठल्या समुद्रातल्या खाद्यातून आली असेल, याचा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

पिल्लू कवच फोडून बाहेर येतं तेव्हा उरलेला बलक त्यानं पोटात ओढून घेतलेला असतो. पाण्यात शिरल्यावर ते दिवसरात्र पोहत खोल समुद्राकडे सुटतं, खायला थांबत नाही. ते सुरुवातीचे दिवस त्याला आईनं यकृतातून दिलेली चरबी तारते. किनाऱ्यावर जमलेले लोक त्या पिल्लाला उचलून पाण्यात सोडू पाहतात. कृपा करून तसं करू नका. वाळूवर चालणं त्याचं त्याला करू द्या.

५. उत्क्रांतीची गोष्ट कानाला गोड लागली म्हणून खरी ठरत नाही

भारतीयांना मधुमेह आणि हृदयविकार लवकर का होतो, यावर १९६२ साली जेम्स नील यांनी मांडलेली 'काटकसरी जनुकां'ची कल्पना सगळ्यांना पाठ असते. दुष्काळात चरबी साठवणारे तगले, सुबत्तेत तीच सवय बाधली. ऐकायला चोख. पण पुरावा मागायला लागलं की पाय डळमळतात. पुण्यातले जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे यांनी 'डव्ह्ज, डिप्लोमॅट्स अँड डायबिटीज' या पुस्तकात या कल्पनेला सरळ आव्हान दिलं आणि शरीराच्या रसायनाचा संबंध वागणुकीतल्या बदलाशी, शिकारी-लढाऊ जगण्याकडून बैठ्या जगण्याकडे आलेल्या माणसाशी जोडला. त्यांचं सगळं मला पटतं असं नाही. पण सुटसुटीत गोष्टीला प्रश्न विचारण्याचं धाडस त्या पुस्तकात आहे, म्हणून माझ्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला ते वाचावंच लागतं.

दुसरं काम डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातून त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी आणि अवयवांनी लहान, पण चरबी त्या मानानं राखलेली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं शेजारी शेजारी उभं राहून काढलेलं छायाचित्र आलं. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. कोकणातल्या काटक, सडसडीत माणसांना मी हे छायाचित्र मुद्दाम दाखवते.

तिसरं काम मला फार आवडतं. २०१६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गटानं एफएडीएस-२ या जनुकाचा एक नमुना अभ्यासला. हा नमुना ज्यांच्यात असतो, त्यांचं शरीर वनस्पतीजन्य तेलातून लांब साखळीची मेदाम्लं सहज बनवतं, त्यासाठी मासे-मांस लागत नाही. पुण्यातल्या २३४ मुख्यतः शाकाहारी लोकांत तो ६८ टक्क्यांना होता, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ३११ लोकांत १८ टक्क्यांना. निवड नेमकी कुठे झाली असावी, याच्या खुणाही जनुकात मिळाल्या. उत्क्रांतीचा दावा असा मोजमापावर उभा असावा. गुहागरात व्याडेश्वराभोवती पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी राहिलेली घरं आहेत आणि जवळच्या असगोली-वेलदूरला मासळीवर वाढलेली घरं. एकच हवा, एकच पाणी, एकच नारळ, आणि ताट वेगळं. असा किनारा अभ्यासकाला सहजी मिळत नाही.

६. उपकरणाची वाट पाहत बसू नका

हे छोट्या गावांतल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींसाठी. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांकडे जे आहे ते आपल्याकडे नाही, हे मान्य. पण त्यांच्या दाराशी खाडी नाही. दाभोळच्या खाडीच्या वरच्या अंगाला लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत आहे. खाडीतल्या नर बोई माशांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन आहे का, हे तपासणं एम.एस्सी.च्या प्रकल्पाच्या आवाक्यातलं काम आहे. अवसेच्या कुर्ल्या भरलेल्या आणि पुनवेच्या पोकळ, असं आमच्याकडे सगळे सांगतात. तराजू, वही आणि वर्षभराची चिकाटी एवढ्यावर ते पडताळता येईल. तारीख, भरती-ओहोटी, मादी की नर, वजन, सगळं त्याच दिवशी लिहा. वहीत नसलेली गोष्ट घडलीच नाही असं समजा.

७. शेजारच्याला उत्तर देता आलं पाहिजे

माहेरी गेले की कुणी ना कुणी रक्ताचा रिपोर्ट घेऊन येतं. वाडीतले एक काका, सुपारीच्या झाडासारखे सरळ, चढण चढताना तरुणांना मागे टाकणारे. "अगं, तू यातलीच ना? बघ की हा कागद. माझ्या अंगावर मासाचा गोळा नाही, मला कसलं कोलेस्टेरॉल?" एलडीएल चांगलंच वाढलेलं होतं. मी म्हटलं, "काका, अंगावर चरबी नसणं वेगळं आणि रक्तात नसणं वेगळं. डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडू नका, आणि मुलांनाही तपासून घ्यायला सांगा."

नवजात बाळाचं एलडीएल तीसच्या आसपास असतं आणि तेवढ्यावर बाळ उत्तम वाढतं. मोठेपणी शंभर-दीडशे हे 'सगळ्यांचंच असतं' म्हणून निरुपद्रवी होत नाही. अपोबीचे कण धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं शिरत राहतात, नुकसान बेरजेनं वाढतं. निसर्गनिवड मुलंबाळं होईपर्यंत काटेकोर असते, साठीतल्या धमन्यांची तिला फिकीर नसते. ती आपल्यालाच करायला हवी.

आता सुरुवातीचे दोन प्रश्न. निरोगी माणसानं रोज एक अंडं बलकासकट खायला हरकत नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारावं. खोबरेल तेलातली नव्वद टक्क्यांच्या जवळपास चरबी संपृक्त असते, आणि शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाच्या तुलनेत ते एलडीएल वाढवतं, हे अनेक चाचण्यांतून दिसलं आहे. आमटीत, भाजीवर ओलं खोबरं घाला, सोलकढी प्या. रोजचं तळण मात्र खोबरेलात नको.

शेवटी एका कणाबद्दल, जो बहुतेकांच्या रिपोर्टवर नसतोच. लिपोप्रोटीन ए हा १९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधलेला कण. एलडीएललाच एक जास्तीचं प्रथिन चिकटलेलं असतं. माणूस आणि आफ्रिका-आशियातली माकडं सोडली तर असा कण सापडतो तो साळिंदरासारखे काटे असलेल्या हेजहॉगमध्ये, आणि तिथे तो स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला. त्याची पातळी जन्मजात ठरते, पथ्यानं आणि व्यायामानं फारशी हलत नाही आणि ती जास्त असली तर तरुणपणीच झटका येण्याचा धोका वाढतो. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ च्या मार्गदर्शिकेत ही चाचणी आयुष्यात एकदा तरी करावी असं सांगितलं आहे. घरात कुणी पन्नाशीच्या आत हृदयविकारानं गेलं असेल, किंवा कुणाच्या टाचेमागच्या शिरेवर पिवळट गाठी दिसत असतील, तर पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा ही चाचणी मागून घ्या, आणि आलेला आकडा भावंडांना व मुलांना कळवा.